फवारलं आणि पीक सुधारलं : तीस वर्षांचा अनुभव काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. तीस वर्षं शेती करणारा माणूस दर पावसाळ्यात स्वतःच्या डोळ्यांनी बघतो की झड उघडल्यावर टॉनिक (पीक सुधारतं म्हणून विकलं जाणारं फवारणीचं द्रावण) मारलं की पिवळं पडलेलं सोयाबीन आठवड्याभरात हिरवं होतं. विद्यापीठवाले म्हणतात, हे टॉनिकमुळे झालं याला पुरावा नाही. मग तीस वर्षांचा अनुभव हा पुरावा नाही तर काय आहे?

अनुभव हा पुरावाच आहे, पण कशाचा ते तपासावं लागतं. इथे अनुभव एवढंच सांगतो की फवारणीनंतर पीक सुधारतं. ते खरं आहे, शेतकऱ्याची नजर कुठेही चुकलेली नाही. पण फवारणीमुळे सुधारलं का, हे ठरवायला त्याच रानात, त्याच आठवड्यात, न फवारलेलं पीक कसं राहिलं हे माहीत असायला हवं. ते तीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नसतं. पिवळं पडलेलं पीक समोर दिसत असताना अर्धं रान तसंच सोडून द्यायची कुणाची छाती होत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे नोंदी तीस असल्या तरी तिसांच्या तीस एकाच बाजूच्या राहतात.

आधी सोयाबीन पिवळं का पडतं ते बघू. भारी काळ्या जमिनीत चार-सहा दिवस झड लागली की मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. तो तुटला की हवेतलं नत्र (नायट्रोजन) स्थिर करण्याचं काम मंदावतं. जमीन चुनखडीची असेल तर आणखी एक भानगड होते. कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढतं आणि लोह जमिनीत असूनही झाडाला घेता येत नाही. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सगळीकडून सारखी फिकट होतात. लोह कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देऊ शकतं, लोह तसं हलवता येत नाही.

आता पुढचा भाग. पाऊस थांबतो, पाणी निचरतं, वाफसा येतो, म्हणजे जादा ओल जाऊन रान कामाजोगं होतं. मुळांना हवा मिळते, गाठी पुन्हा कामाला लागतात, लोह उचललं जातं आणि साधारण आठ-दहा दिवसांत पीक आपोआप हिरवं होतं. फवारणी कधी होते? पाऊस चालू असताना कुणी पंप पाठीवर घेत नाही. रानात पाय ठेवण्याजोगा वाफसा आला, ऊन पडलं, की त्याच दिवशी फवारणी. म्हणजे पीक ज्या गोष्टीने सुधारतं, तीच गोष्ट फवारणीलाही वाट मोकळी करून देते. दोन्ही दर वर्षी एकत्र येणारच. असा अनुभव तीसच काय, साठ वर्षं घेतला तरी तो स्वतःहून दुरुस्त होणार नाही, कारण वाफसा आला आणि फवारणी केली नाही असं वर्ष त्यात येतच नाही.

यात आणखी एक गुंता असतो तो टाकीतल्या मिश्रणाचा. एकाच पंपात कीटकनाशक, १९:१९:१९ हे विद्राव्य खत, टॉनिक आणि कधी औषध पानाला चिकटवणारं स्टिकरही असतं. पीक सुधारलं की श्रेय कुणाला? बहुतेक वेळा जी बाटली सगळ्यात महाग होती तिला. आणि सुधारलं नाही तर? मग ‘उशीर झाला’, ‘पाणी क्षारयुक्त होतं’, ‘डोस कमी पडला’. ज्या औषधाबद्दल फसल्याची नोंदच कधी होत नाही, त्याच्याविषयीच्या अनुभवाला मी फार वजन देत नाही.

हे फक्त शेतकऱ्याचंच होतं असं नाही. कार्यकारणाची जाणीव माणसाच्या मेंदूत विचार करून येत नाही, बरीचशी थेट नजरेतच तयार होते. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशॉत यांनी १९४६मध्ये यावरचे प्रयोग मांडले. पडद्यावर एक चौकोन सरकत येऊन दुसऱ्याला टेकतो आणि त्याच क्षणी दुसरा सरकू लागतो. बघणाऱ्याला ‘पहिल्याने दुसऱ्याला ढकललं’ असंच दिसतं. तिथे ढकलणं वगैरे काही नाही, नुसती चित्रं आहेत, हे माहीत असूनही. टेकण्याच्या आणि सरकण्याच्या मध्ये पाव सेकंद गेला की तो ढकलल्याचा भास जातो, दोन वेगवेगळ्या हालचाली दिसतात. वेळेचं हे मोजमाप हाताने करण्याच्या कामांना जुळतं. कोयता मारला, फांदी पडली. शेतीतले बहुतेक परिणाम दिवसांनी, महिन्यांनी येतात, आणि तिथे ही जन्मजात सोय उपयोगी पडत नाही.

उशीर झाला तरी काही जोड्या मेंदू पक्क्या बांधतो, पण त्या त्याच्या आवडीच्या. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी १९६६मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग यासाठी बघण्यासारखा आहे. उंदीर गोड पाणी पीत असताना दिवा लागत होता आणि टकटक आवाजही होत होता. ज्यांना नंतर मळमळ होईल असं केलं, त्यांनी पुढे ती चव टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांनी दिवा आणि आवाज टाळला. तीनही गोष्टी सगळ्यांनी एकत्रच अनुभवल्या होत्या. दोष कुणावर टाकायचा हे मात्र आधीच ठरल्यासारखं होतं. माझ्या मते बांधावर हेच चालतं. पानावर मारलं आणि पानावर दिसलं, ही जोडी मनाला लगेच पटते. जमिनीखाली मुळाला हवा मिळाली म्हणून वरचं पान हिरवं झालं, हे कुणी समजावून सांगितल्याशिवाय सुचत नाही.

युरियाची लोकप्रियता यातूनच कळते. युरिया टाकला, पाणी दिलं की चार-सहा दिवसांत पीक काळपट हिरवं दिसतं. कारण आणि परिणाम जवळजवळ, परिणाम रंगाचा, बांधावरून दिसणारा. स्फुरद (फॉस्फरस) मुळांच्या वाढीला लागतं, पालाश (पोटॅश) दाणा भरताना आणि पाण्याचा ताण सोसताना कामी येतं, शेणखताचा परिणाम तर काही हंगामांवर पसरलेला असतो. यांतलं काहीच आठवड्यात डोळ्यांत भरत नाही. म्हणून ‘युरियाचा गुण लगेच येतो’ हे अनुभवाचं वाक्य अगदी खरं असूनही त्यावरून खताचा हिशेब मांडला की तोल जातो. हिरवेपणा म्हणजे उतारा, म्हणजे पदरात पडणारं उत्पादन, नव्हे. जादा नत्राने कपाशी फोफावते, लुसलुशीत पानांवर तुडतुडे आणि मावा वाढतात. महिन्याने दिसणाऱ्या त्या किडीचा संबंध युरियाच्या गोणीशी कुणी लावत नाही. तिथे नाव घेतलं जातं ते ढगाळ हवेचं.

द्राक्षातला केवडा, म्हणजे डाऊनी, हे उशिराचं सगळ्यात महागात पडणारं उदाहरण. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना पाऊस झाला किंवा पानं बराच वेळ ओली राहिली, की बुरशी पानाच्या खालच्या बाजूने आत शिरते. वरून काही दिसत नाही. हवामानाप्रमाणे साधारण चार ते आठ दिवसांनी पानावर तेलकट डाग उमटतात आणि खाली पांढरी बुरशी येते. समजा सोमवारी पाऊस झाला आणि शुक्रवारी पहिले डाग दिसले. शुक्रवारी मँकोझेब मारलं. ते पानाच्या पृष्ठभागावर काम करणारं औषध आहे, आत शिरलेल्या बुरशीला ते काही करत नाही. सोमवारी, मंगळवारी आत घुसलेल्या बुरशीचे डाग शनिवार-रविवारपर्यंत उमटतच राहतात. बागाईतदाराला काय दिसतं? औषध मारलं आणि डाग वाढले. तो औषध बदलतो, डोस वाढवतो. तोवर हवा कोरडी होते आणि नवे डाग थांबतात. यश तिसऱ्या औषधाच्या नावावर जमा होतं. यात पहिल्या औषधाबद्दल काढलेला निष्कर्ष आणि तिसऱ्याबद्दल काढलेला निष्कर्ष, दोन्ही चुकलेले असतात, आणि पुढच्या वर्षी फवारणीचं वेळापत्रक त्यावरच ठरतं.

उपाय तसा सोपा आहे: डाग दिसला त्या तारखेवरून मागे मोजत जायचं. आठवडाभर मागे पान कधी आणि किती तास ओलं होतं? त्या दिवशी पानावर कुठलं औषध होतं, आणि कुठली कोवळी फूट त्या औषधानंतर आलेली होती, म्हणजे तिच्यावर औषध नव्हतंच? फवारणीच्या वहीत फवारणीच्या तारखा असतात, पावसाच्या आणि दवाच्या नसतात. त्या लिहायला लागलं की अर्धं कोडं सुटतं.

प्रतिबंधाच्या उपायांचं दुखणं वेगळं. त्यांचा परिणाम म्हणजे काहीतरी न होणं, आणि न झालेलं दिसत नाही. हरभऱ्याच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावली आणि मर (झाड वाळून मरण्याचा रोग) आली नाही. न लावलेल्या वर्षीही कधीकधी मर येत नाही. म्हणून दोन-तीन चांगली वर्षं गेली की बीजप्रक्रिया बंद पडते. ज्या वर्षी मर येते त्या वर्षी दोष बियाण्याला जातो. इथे फार काही करायचं नसतं. पेरताना चार तासं (पेरणीच्या ओळी) बिगर-प्रक्रियेच्या बियाण्याची पेरायची, टोकाला काठी रोवायची आणि पेरणीनंतर महिन्याने दोन्हीकडे दहा-दहा मीटर तासातली मेलेली झाडं मोजायची. रायझोबियम (मुळांवर गाठी करणारे जिवाणू) लावलं असेल तर झाड हळूच मुळासकट उपटून गाठी मोजा आणि दोन-चार गाठी नखाने फोडून बघा. आतून गुलाबी-लालसर असतील तर त्या काम करतायत. हिरवट किंवा पांढुरक्या असतील तर गाठी नुसत्या आहेत, कामाच्या नाहीत. उपाय आणि उतारा यांच्यामधला असा दुवा तपासता आला तर तो जरूर तपासावा. मधला दुवाच जागेवर नसेल तर शेवटचा परिणाम त्या उपायाचा कसा असेल?

काही गोष्टी भाकिताला उत्तम असतात पण कारण नसतात, आणि तिथे अनुभवाला नावं ठेवायचं कारण नाही. पावशा ओरडायला लागला की पाऊस जवळ आला, मृगात पेरणी साधली तर बरं. हे शतकानुशतकांचं निरीक्षण आहे आणि ते चालतं, कारण सूर्यनक्षत्रं दर वर्षी जवळपास त्याच तारखांना येतात. मृग ७ जूनच्या आसपास लागतं आणि महाराष्ट्रात मोसमी पाऊसही त्याच सुमारास येतो. नक्षत्र इथे दिनदर्शिकेचं काम करतं. गोंधळ सुरू होतो तो भाकिताच्या खुणेला कारण समजून तिच्या भरवशावर काही करायला गेलो की. मृग लागलं म्हणून धूळपेर (पावसाआधी कोरड्या रानात पेरणी) केली आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडायच्या आतच खंड पडला, तर दुबार पेरणी ठरलेली. बियाणं उगवतं ते मातीतल्या ओलीमुळे. खूण फसते तेव्हा कारण काय होतं ते उघडं पडतं, म्हणून नेहमीचा नियम मोडलेली वर्षं सगळ्यात जपून लक्षात ठेवावीत.

आणि अनुभव कुठे बिनधास्त मानावा? जिथे कृतीचं उत्तर लगेच, स्पष्ट आणि शेकडो वेळा मिळालेलं असतं तिथे. वाफसा ओळखणं घ्या. मूठभर माती दाबून गोळा करायचा, कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. फुटून भुसभुशीत झाला तर वाफसा, चपटा होऊन चिकटला तर अजून ओल जास्त, गोळाच होत नसेल तर ओल कमी. जुना माणूस हे पायाखालच्या मातीवरूनच सांगतो, आणि त्याचा अंदाज सहसा नेमका असतो, कारण चुकीच्या ओलीत वखराची पाळी घातली की ढेकळं लगेच दिसतात. मोटारीचा बदललेला आवाज, नोझल झिजल्यावर फवाऱ्याचा बिघडलेला पंखा, गाय माजावर आल्याची लक्षणं, सगळं याच जातीतलं. म्हणून ‘इतकी वर्षं शेती करतोय’ एवढं पुरत नाही. त्या वर्षांत या एका प्रश्नाचं उत्तर किती वेळा आणि किती लवकर मिळालं, हे विचारावं लागतं. उसाच्या आडसाली लागणीचं उत्तर सोळा ते अठरा महिन्यांनी मिळतं; तीस वर्षांत जेमतेम वीस उत्तरं, आणि प्रत्येक वेळी पाऊस, पाणी, वाण, कारखान्याची तोड, सगळंच बदललेलं.

आता ‘गावात विचारून बघू’ हा मार्ग. समजा चाळीस जणांनी टॉनिक मारलं आणि तीस जणांचं पीक सुधारलं. चावडीवर एवढंच सांगितलं जातं आणि ते पुरेसं वाटतं. न मारलेले वीस होते आणि त्यांपैकी पंधरा जणांचं पीक सुधारलं, हे कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर दोन्हीकडे शंभरात पंच्याहत्तर हे दिसलं असतं. पण दोन्ही बाजू मोजल्या तरी फसगत होऊ शकते. टॉनिक मारणाऱ्याकडे बहुधा विहिरीला पाणी असतं, कोळपणी वेळेवर झालेली असते, रान निचऱ्याचं असतं. त्यांचं पीक बरं दिसलं तर ते माणसामुळे की बाटलीमुळे? प्रात्यक्षिकाचे प्लॉट रस्त्याकडेच्या सगळ्यात चांगल्या रानातच का घेतले जातात, हेही यावरून ध्यानात येईल. उलटंही होतं: सगळ्यात वाईट दिसणाऱ्या तुकड्यावरच उपाय केला जातो. जो तुकडा आज सगळ्यात खाली आहे तो काही न करताही पुढच्या वेळी थोडा वर येण्याचीच शक्यता जास्त, कारण आजच्या वाईटात थोडा योगायोगही होता.

यातून सुटायची रीत प्रयोगशाळेत नाही, रानातच सापडली. इंग्लंडमधल्या रोथमस्टेड इथे १८४३पासून खतांचे प्रयोग चालू होते. १९१९मध्ये रोनाल्ड फिशर तिथे रुजू झाले. शेजारशेजारच्या तुकड्यांतही माती सारखी नसते, हे त्यांच्यासमोरचं दुखणं होतं. कुठल्या तुकड्याला खत द्यायचं हे माणसाने न ठरवता चिठ्ठीने ठरवावं, आणि तीच तुलना अनेक तुकड्यांत करावी, हा त्यांनी काढलेला मार्ग. आपल्याकडे पां. वा. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी १९४०च्या दशकात पिकाच्या अंदाजासाठी हीच शिस्त आणली. नजरेने ठरणाऱ्या आणेवारीच्या जागी चिठ्ठीने निवडलेल्या शेतातला ठरावीक तुकडा कापून वजन करायचं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातले. आणेवारीचे घोळ त्यांना काही पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

टॉनिकचा प्रश्न एका एकरात असा सोडवता येतो. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरलेलं आहे असं धरू. बारा तासांचा एक पट्टा, रुंदी ५.४ मीटर. असे दहा पट्टे, म्हणजे पाच जोड्या, ५४ मीटरमध्ये बसतात. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर असते, तेव्हा दोन्ही बांधांकडे पाच-पाच मीटर सोडायला मिळतात. ते सोडायचेच. बांधाकडेची तासं, जुन्या उकिरड्याची जागा, झाडाची सावली, पाणी साचणारा सखल भाग, हे तुलनेत घ्यायचे नाहीत. प्रत्येक जोडीत कुठल्या पट्ट्याला टॉनिक द्यायचं ते नाणं उडवून ठरवा. ‘एक आड एक’ सोपं वाटतं, पण रानाला एका बाजूने उतार असेल तर प्रत्येक जोडीत तोच पट्टा खालच्या अंगाला पडतो.

दोन्ही पंपांत कीटकनाशक, विद्राव्य खत, पाणी, सगळं सारखं भरा. फक्त एकात टॉनिक. टॉनिकचा पट्टा विरुद्ध काहीच न मारलेला पट्टा अशी तुलना केली तर उत्तर मिश्रणाचं मिळेल, टॉनिकचं नाही. पंप एकच असेल तर आधी बिनटॉनिकचे सगळे पट्टे फवारा, मग टॉनिकचे. उलट केलं तर टाकीत आणि नळीत उरलेलं औषध पुढच्या पट्ट्यात जातं. फवारणारा माणूस, नोझल, चाल, सकाळची वेळ सारखी ठेवा. वारा असेल तर त्या दिवशी थांबा.

पट्ट्याच्या टोकाला नुसते आकडे लिहिलेल्या काठ्या रोवा, एक ते दहा. कुठल्या आकड्याला टॉनिक ते कागदावर लिहून घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या. आठव्या दिवशी पानांच्या हिरवेपणाला एक ते पाच गुण द्यायचे असतील तर ते ज्याला कागद माहीत नाही अशा माणसाने द्यावेत. आपण पैसे मोजलेल्या पट्ट्यात हिरवं जरा जास्तच हिरवं दिसतं.

काढणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या चार तासांतच कापणी करा. कडेची चार-चार तासं शेजारच्या पट्ट्याचे तुषार आलेली असतात. पाच मीटर लांबीचे तीन तुकडे घ्या, पट्ट्याच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून. चार तासं गुणिले ०.४५ गुणिले पाच मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटर. तिन्ही मिळून २७. मळणी वेगवेगळी करा, सगळं एकाच ताडपत्रीवर एकाच उन्हात वाळवा, एकाच दिवशी वजन करा. ओलीच्या दाण्याने वजन फुगतं, आणि प्रयोग वाया जाण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. किलोमधल्या वजनाला १५०ने गुणलं की एकरी किलो मिळतात: सहा किलो म्हणजे एकरी नऊ क्विंटल.

पाचही जोड्यांत टॉनिकवाला पट्टा वरचढ आला, तर? टॉनिकमध्ये काही दम नसता, तरी निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता ३२त १ आहे. चार जोड्यांत वरचढ आणि एकात कमी, तर ती बरीच जास्त, जवळपास ३२त ६, म्हणजे त्यावर पैसे लावण्यासारखं काही नाही. तीन-दोन तर सरळ नाणंफेक.

पण खरा हिशेब यापुढचा आहे. समजा टॉनिक आणि मजुरी मिळून एकरी ८०० रुपये खर्च, आणि सोयाबीन ४० रुपये किलो. खर्च भागायला वीस किलो जादा हवेत, म्हणजे आपल्या २७ चौरस मीटरमध्ये सुमारे १३३ ग्रॅम, सहा किलोत दोन टक्के. शेजारच्या दोन पट्ट्यांत काहीही न करता पाच-दहा टक्के फरक सहज असतो. पाच जोड्यांत दोन टक्क्यांचा फरक भरवशाने पकडता येत नाही. त्यासाठी दहा-बारा शेतकऱ्यांनी हीच मांडणी दोन-तीन हंगाम करून आकडे एकत्र करावे लागतील. यावर ‘मग तुमच्या प्रयोगाचा उपयोग काय’ असं विचारलं जातं. उपयोग असा की जो फरक तराजूवर पाच जोड्यांत उमटत नाही, तो बांधावर उभं राहून नजरेने दिसला हा दावा तरी यापुढे करता येत नाही. आणि वीस-तीस टक्के वाढीची जी जाहिरात असते, ती खरी असेल तर पाच जोड्यांत लपून राहणार नाही.

इतका खटाटोप करायचा नसेल तर लोहाच्या शंकेपुरती एक पानभर जागेतली तपासणी आहे. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवा. शिरा हिरव्या राहून पिवळं पडलेलं शेंड्याचं पान निवडा. मधल्या शिरेच्या एका बाजूला कापसाच्या बोळ्याने हे पाणी लावा, दुसरी बाजू कोरडी ठेवा. अशी वीसेक झाडं करून त्यांना दोरा बांधा. चार-पाच दिवसांत लावलेली बाजू हिरवी आणि दुसरी पिवळी राहिली, तर लोहच कमी होतं. दोन्ही बाजू सारख्याच हिरव्या झाल्या तर वाफश्याने काम केलं. दोन्ही पिवळ्याच राहिल्या आणि पानावर हिरवे-पिवळे चट्टे, सुरकुत्या असतील, तर पिवळा मोझॅक बघा. तो विषाणू पांढऱ्या माशीने आणलेला असतो आणि टॉनिक, लोह, ऊन, कशानेच जात नाही. ती झाडं उपटून टाकायची.

पट्ट्यांची ही रीत सगळीकडे चालत नाही. कीड उडत असेल तर शेजारचा पट्टा वेगळा राहतच नाही. उसातल्या हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचं आणि तिच्या भुंगेऱ्याचं, तसंच आहे, आणि इथेही सोयाबीनसारखीच गाठ पडते. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की मे-जूनमध्ये भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात, मातीत अंडी घालतात. अळ्या जुलैपासून मुळं खातात. ऊस वाळायला लागल्याचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसतं, तेव्हा अळी पूर्ण वाढलेली आणि औषधाला दाद न देणारी असते. ऑक्टोबरमध्ये आळवणी होते, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं जातं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातच अळ्या खाणं थांबवून कोषात जायला खोल उतरतात. पंधरा दिवसांनी मुळाशी उकरलं तर अळी सापडत नाही, नवा ऊस वाळत नाही. आळवणी लागू पडली!

याची शहानिशा फावड्याने होते. आळवणीच्या आधी पाच ठिकाणी मीटर-मीटर तासात फूटभर खोल उकरून अळ्या मोजा. एका कोपऱ्यातल्या काही सऱ्या आळवणीशिवाय ठेवा; अळी भुंगेऱ्यासारखी लांब जात नाही, त्यामुळे एवढ्यापुरती ही तुलना चालते. पंधरा दिवसांनी दोन्हीकडे उकरा, पण या वेळी फूटभरावर न थांबता दीड-दोन फुटांपर्यंत जा. औषधाने मेली असेल तर काळवंडलेली, मऊ पडलेली अळी वरच्या थरात मिळते. खाली मातीच्या गुळगुळीत पोकळीत कोष किंवा आखडलेली जिवंत अळी मिळाली, आणि ती आळवणी केलेल्या आणि न केलेल्या दोन्ही सऱ्यांत मिळाली, तर पुढच्या वर्षीचे आळवणीचे पैसे मे महिन्यात भुंगेरे गोळा करायला ठेवा. रात्री फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. हे मात्र एका शेतापुरतं करून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करावं लागतं.